सतरा नंबरचा ठोका

सिमेंट गिरणी वसाहत,
२ ऑगस्ट

चि. उग्लेशास, मिलोयेदादाचे अनेक आशीर्वाद.

म्युनिकच्या गोदामात पेट्या उचलून तुझी पाठ अजून जागेवर आहे ना, ते आधी कळव. इकडे सगळे मजेत. माझा रक्तदाब वर, पगार खाली, आणि स्ताना मामीला (तुझी आईच ती, पाच वर्षांत विसरला असशील म्हणून खुलासा) जूनमध्ये नवा गुडघा बसवला. वडिलांच्या मातीला तू आला नाहीस, रजा मिळाली नाही म्हणालास. त्याबद्दल मी काही बोलत नाही. मामी बोलते.

पत्रास कारण की, जानेवारीत आमच्याकडे सेन्सर आले. चाळीस नग. साबणाच्या वडीएवढी डबी, पाठीला लोहचुंबक. यंत्राच्या अंगाला चिकटवली की ती त्याचा ताप आणि थरथर बिनतारी पाठवत बसते आणि माझ्या टेबलावरच्या पडद्यावर हिरवा किंवा लाल दिवा लागतो. हेच काम ताडिया मामांनी, म्हणजे तुझ्या वडिलांनी, एका लांब स्क्रूड्रायव्हरवर चाळीस वर्षं केलं. टोक बेअरिंगला, मूठ कानामागच्या हाडाला, डोळे मिटलेले. सेन्सर बसवायला आलेल्या इस्क्राला (इंजिनिअर, वय सव्वीस, स्वभाव पासष्टचा) मामा म्हणाले, "पोरी, तुझी डबी ऐकते खरी, पण ऐकून घाबरत नाही. न घाबरणाऱ्याचं ऐकणं काय कामाचं?" इस्क्राने हे वहीत लिहून घेतलं, कशाला ते देव जाणे.

फेब्रुवारीत मामा बूट घालता घालता खुर्चीतच गेले. आपल्या रीतीप्रमाणे शवपेटीत चष्मा, सिगारेटची दोन पाकिटं आणि राकिया दारूची चपटी बाटली ठेवली (मामीला मोठी ठेवायची होती, पण चर्चच्या पोपबाबांनी डोळे वटारले). स्क्रूड्रायव्हर मी आणून पेटीत ठेवला. फडक्यात गुंडाळून, रडत रडत, न बघता. आदल्या दिवशी पाण्याचा पंप पुसताना मी सतरा नंबरचा सेन्सर काढून हाताशी होतं त्या लोखंडाला टेकवला होता. ते लोखंड म्हणजे मामांचा स्क्रूड्रायव्हर, हे मला सोमवारी पडद्यासमोर बसल्यावर कळलं. सतरा: तापमान सहा अंश, थरथर शून्य, प्रकृती उत्तम. हिरवा दिवा.

स्मशान गिरणीच्या मागच्या भिंतीला लागून आहे, तुला माहीत आहेच. तरी एवढ्या मातीखालून लहरी येता कामा नयेत असं इस्क्राचं पुस्तक सांगतं. मी पुस्तकाशी वाद घातला नाही. पंप बंद ठेवलाय, असं दडपून सांगितलं. दोन महिने मासिक अहवालात आदर्श यंत्र म्हणून सतराचं नाव आलं. साहेबांनी मला शाबासकीसुद्धा दिली आणि मी ती घेतली.

चाळिसाव्या दिवशी आम्ही थडग्यावर उकडलेले गहू ठेवले, राकिया ओतली आणि कामावर परतलो. दुपारी दोनला दहा कमी असताना पडद्यावर सतराची रेघ एकदाच उडाली. एक ठोका. मग रोज, त्याच वेळेला, एकच. मला वाटलं मामी. ती रोज थडग्यावर कॉफी घेऊन जाते, काठी आपटत असेल. पण मामी नऊ दिवस इस्पितळात होती, तेव्हाही नऊ ठोके आले. शेवटी मी स्वतः जाऊन उभा राहिलो. वारा नव्हता. मेणबत्ती सरळ जळत होती. दोनला दहा कमी झाले आणि हातातल्या फोनवर रेघ उडाली. उग्लेशा, मी बावन्न वर्षांचा फोरमन आहे, आणि भिंतीवरून उडी मारून गिरणीत आलो. (पँट फाटली. ते सांगण्यासारखं नाही, पण तू घरचा.)

मग गेल्या मंगळवारी सतरा लाल झाला. एक ठोका नाही, सलग थरथर. बाकी एकोणचाळीस हिरवे. मी कुणाला विचारणार? एक साधा स्क्रूड्रायव्हर घेतला आणि मामांसारखे डोळे मिटून एकेक यंत्र ऐकत गेलो. दोन नंबरच्या चक्कीच्या मोठ्या बेअरिंगमध्ये कुणीतरी वाळू चावत होतं. मी घाबरलो, आणि चक्की थांबवली. साहेब माझ्या घराण्याचा उद्धार करत आले. उघडून पाहिलं तर आतल्या कड्याला वीतभर चीर. खाली तिघे जण सफाई करत होते. साहेब आल्या पावली परत गेले. इस्क्राने मात्र विचारलं, सगळे हिरवे असताना तुम्हाला कळवलं कुणी? माझ्या तोंडून निघून गेलं, सतराने. आता तिला शुक्रवारी सतरा बघायचा आहे. खोटा अहवाल म्हणजे नोकरी गेली समज.

असो. पाठीला राईचं तेल चोळ, आणि जेवत जा.

तुझा,
मिलोयेदादा

ता. क. सोबत एक कागद आहे. थडगं उघडायला मुलाची सही लागते. फुलीच्या जागी कर आणि उलट टपाली पाठव. खरं म्हणजे पत्र एवढ्यासाठीच लिहिलं.

ता. क. २. पाकीट बंद करायच्या आधी मामीला सगळं सांगितलं. तिने कॉफी ढवळत ऐकलं. म्हणाली, "मेल्या, फोरमन तुला केलं कुणी? शाळेत असताना उग्लेशा ह्यांचा दुपारचा डबा घेऊन गिरणीवर जायचा. दोनला दहा कमी. फाटकाच्या पाइपावर तीनदा ठोकायचा. हे आतून एकदा ठोकायचे. म्हणजे ये."

मी तसाच उठून इस्क्राला खरं सांगून आलो. तिने बराच वेळ वहीची मागची पानं चाळली आणि सतरासमोर लिहिलं: जागेवर असू द्यावा. त्यामुळे सही करू नकोस, कागद फाडून टाक. तेवीस तारखेला सहामाहीचं श्राद्ध आहे. रजा मिळो न मिळो, ये. थडग्याच्या दगडावर तीनदा ठोक. चार महिने उत्तर येतंय, विचारणारं कुणी नाही.