एडिनबराला दक्षिणेत आणायचंय

रविवार, ४ फेब्रुवारी २००७. स्टॅनमोर, लंडन.
तनिषा याही रविवारी आली नाही. मला काही फरक पडत नाही. नात एडिनबराला फिजिओ शिकते, तिच्यामागे तिची कामं. कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉल टीमबरोबर जाते, पोरांचे पाय मुरगळले की पट्ट्या बांधते. सामने रविवारी, म्हणून येता येत नाही. दोष पोरीचा नाही, लीगने पाडलेल्या गटांचा आहे. कॉन्फरन्स म्हणतात त्यांना. एडिनबरा उत्तरेच्या गटात, मग सगळे सामने तिकडेच. दक्षिणेच्या गटात घातलं की टीमची बस लंडनला येणार आणि पोरगी घरी जेवायला. एवढं लीगवाल्यांना कळत नाही. मी चौथी पास, मला कळतं.

शनिवार, १० फेब्रुवारी.
आमचे बेने इस्रायली स्नेही, एलिशाभाऊ, त्यांना फोन केला. उचलला नाही. शनिवारी त्यांचा शब्बाथ, फोनला हात लावत नाहीत, हे मी दर शनिवारी विसरते. त्यांचा नातू नॅथॅनिएल लंडनच्या एका टीममध्ये खेळतो, त्यामुळे आतल्या बातम्या त्यांच्याकडे.

रविवार, ११ फेब्रुवारी.
एलिशाभाऊ म्हणाले, वैजयंतीबाई, नव्या आठ कॉलेजांनी अर्ज केलाय, सप्टेंबरात गट नव्याने पाडणार. मी म्हटलं, मग एडिनबरा खाली येणारच. ते म्हणाले, अहो, चारशे मैल आहेत. मी म्हटलं, मी ठाण्याहून इथे आले, मला कोणी मैल सांगितले नव्हते. ते हवापाण्याचं बोलायला लागले. पटलं असणार.

सोमवार, १९ मार्च. पाडवा.
ओट्यावर देशाचा नकाशा मांडला. मसूर म्हणजे उत्तर, मूग म्हणजे दक्षिण. गट जुळवणं म्हणजे सोयरीकच. तालेवार कॉलेज गरिबांच्यात जात नाही, आणि हरणारं मात्र सगळ्यांनाच शेजारी हवं असतं. एडिनबरा सारखं हरतं. म्हणजे मागणी चांगली. मी नऊ लग्नं जमवलीत. एकच मोडलं, त्यात दोष मुलाच्या आईचा.
संध्याकाळी सुनेने, मंजिरीने, उत्तर-दक्षिण एकत्र करून आमटी केली. म्हणे, मिक्स डाळ चांगली लागते.

सोमवार, १४ मे.
बोलणी अडली की मधल्या माणसाला गाठायचं. मधला माणूस म्हणजे लीगचा सेक्रेटरी. चकल्यांचा डबा पोस्टाने पाठवला. सोबत पत्र, अजयने इंग्रजीत लिहून दिलं. आईचं एवढं तरी काम केलंन. वाचून दाखवलं नाही, पण लिहिताना हसत होता. म्हणजे छान जमलं असणार.

बुधवार, ३० मे.
उत्तर आलं! आभार, बिस्किटं फार कुरकुरीत होती, तुमच्या सूचनेची नोंद घेतली आहे. नोंद घेतली! आमच्यात मुलाकडून एवढा शब्द आला की हॉल बुक करतात.

रविवार, ५ ऑगस्ट.
सुट्टीतही आली नाही. तिकडे महिनाभर कसलीशी जत्रा असते, तिथे तिकिटं फाडते. फोनवर विचारलं, गटांचं काय ऐकलंस? म्हणाली, कुठले गट, आजी? टीमच्या गोष्टी बाहेर सांगायच्या नसतील. पोटात ठेवणारी आहे पोरगी. माझ्यावर गेलीय.
एलिशाभाऊ म्हणतात, एडिनबरा उत्तरेतच राहणार. गेल्या महिन्यात म्हणत होते, लीगच बुडणार. माणूस चांगला, पण त्यांच्या भरवशावर मी छत्रीही घरी ठेवणार नाही.

बुधवार, १२ सप्टेंबर. सकाळी ११.
गट जाहीर. एडिनबरा उत्तरेतच. पण! यंदापासून प्रत्येक टीमने एक सामना दुसऱ्या गटात जाऊन खेळायचा. एडिनबरा खेळणार नॅथॅनिएलच्या टीमशी. इथे. ११ नोव्हेंबरला, ऐन भाऊबीजेला. चकल्या कामी आल्या.

दुपारी १.
तनिषाला फोन केला. म्हणाली, आजी, मी तर तो टीम सोडला, लास्ट ख्रिसमसला. विचारलं, मग रविवारी काय करतेस? म्हणाली, नथिंग. झोपते.

दुपारी २.
अजयला विचारलं. त्याला ठाऊक होतं. म्हणे, आई, तुझा वेळ बरा जात होता, म्हणून बोललो नाही.

गुरुवार, १३ सप्टेंबर.
काही नाही. गुडघा दुखतोय.

रविवार, ११ नोव्हेंबर.
तनिषा दिवाळीला आली नाही. मी आग्रह केलाच नव्हता. एलिशाभाऊंबरोबर सामन्याला गेले, तिकीट लागत नाही म्हणून. नुसता चिखल. पोरं एकमेकांच्या अंगावर पडतात आणि बॉल भलतीकडेच असतो. एडिनबराच्या बाजूला पट्ट्या बांधणारी एक मुलगी होती, लाल केसांची. तिला बेसनाचा लाडू दिला. घर कुठे विचारलं. इथेच, वॉटफर्डला, म्हणाली. टीमच्या बसने जाणार नाही, आज आईकडे जेवणार, उद्या ट्रेनने परत.
एडिनबरा हरलं. बरं झालं.