कळंबोलीचा पट्टा

११ फेब्रु. ८६
आजपासून पुन्हा कामावर. हे गेल्यानंतर पहिल्यांदाच. तुर्भ्याला उतरले, कार्ड पंच केलं, ॲप्रन चढवला. लॅबमध्ये सगळे हळू बोलत होते. साहेब म्हणाले, "झेपेल तेवढंच करा."
टेबलावर परदेशी पिवळ्या धाग्याची रिळं. वजनाच्या मानाने पोलादाहून मजबूत, वितळत नाही. भट्टीजवळ बोजे उचलायचे पट्टे करणार त्याचे. ओव्हन लावला. बरं वाटलं असं नाही. वाईटही नाही.

१९ फेब्रु.
दीडशे अंशांतले नमुने ठीक. अडीचशेत आठवडाभर ठेवलेले मशीनवर ताणले, फारच लवकर तुटले. गार केले तरी गेलेला जोर परत येत नाही. हाताला मऊच लागतात, रंग तेवढा काळवंडतो.
साहेब : "सॅम्पल खराब असेल. परत करा."

२७ फेब्रु.
परत केले. तेच.
जेवताना पॅकिंगमधले शिंदे सहज बोलून गेले, असे दोन पट्टे दिवाळीतच ट्रायलला गेलेत. एक कळंबोलीच्या सळयांच्या मिलला. मला कुणी सांगितलं नव्हतं.
घरी सासूबाईंनी विचारलं, ह्यांच्या शर्टांचं काय करायचं? ठेवा म्हटलं की देऊन टाका म्हटलं, आठवत नाही.

१ मार्च
एसटीने कळंबोली. सळया बनवायची मिल. फोरमन म्हात्रे, जासई गावचे. भट्टीच्या तोंडाशी क्रेनला पट्टा, त्याला लोखंडाचा गठ्ठा. खालून माणसं ये-जा करतायत.
"काढा हो तो."
"कशाला? जलला नाय, फाटला नाय. चांगला हाय."
"आतून गेलाय. ह्याचे रेणू काड्यांसारखे एका दिशेने लागलेले असतात, तोच जोर. उष्णतेत त्या काड्या तुटतात. वरून कळत नाही."
ते माझ्या मोकळ्या गळ्याकडे बघत होते.
"मालक कशान गेलं, ताई?"
"हार्ट. सकाळी चांगले होते. चहा घेतला."
म्हात्रेंनी शिट्टी मारून माणसं हटवली, बोजा उतरवला.

४ मार्च
म्हात्रे पट्टा घेऊन लॅबच्या दारात हजर. मशीनवर लावला. त्याच्यावर लिहिलेल्या वजनापर्यंतही पोचला नाही. फाटकन गेला.
"मी रोज याच्याखालशी चालतंय..." म्हात्रे तुटलेली टोकं हातात घेऊन बघत राहिले.
मला काहीच वाटलं नाही. तरी पाण्याचा ग्लास त्यांनीच माझ्यापुढे धरला.

५ मार्च
साहेब : "आयातीचं लायसन्स अडकेल. रिपोर्ट थोडा थांबवा."
मी विचारलं, दुसरा पट्टा कुठे आहे?
"सेल्सला विचारा." सेल्सवाले म्हणतात, साहेबांना विचारा.

७ मार्च
रिपोर्ट टाइप करून ठेवला. साहेबांनी सही केलेली नाही.
शिंदे म्हणाले, दुसरा बहुतेक तळोज्याला. कारखान्याचं नाव त्यांनाही माहीत नाही. उद्या जाऊन एकेका गेटवर विचारायचं.
सासूबाईंना सांगितलं, यायला उशीर होईल.
"मीपण येते," म्हणाल्या. "घरात बसून तरी काय करू."
उद्याच्या डब्यासाठी दोघींची भाजी चिरून ठेवलीय.