न्यायला येणारा माणूस

शोमरोनच्या महाराजांस,

संदेष्ट्याने तुमच्या डोक्यावर तेल ओतून तुम्हाला राजा केलं, तेव्हा मी अंगणात जैतून ठेचत होते. "हग्ले, आठ दिवसांत तुला न्यायला माणूस धाडतो," म्हणालात. त्याला सात वर्षं झाली. आधीच्या मेलेल्या राजाच्या नऊ बायका मात्र पहिल्याच दिवशी घरात घेतल्यात. म्हणे, गादीबरोबर त्या घ्याव्याच लागतात.

परवा तुमच्याच सेनापतीने तुम्हाला मारलं आणि गादी घेतली. आज त्याचा शिपाई दारात उभा आहे.

"चला, राणीसाहेब."

"मी कुठली राणी? गावात कुणालाही विचार!"

"जुन्या महाराजांच्या बायकांच्या यादीत पहिलं नाव तुमचंच आहे."

नाव तेवढं आठवणीने लिहिलंत. आता उठते, मला न्यायला माणूस आला आहे.

कालपर्यंत तुमची,
हग्ला