काळ्या वाटाण्याची उसळ

लालबाग, ९ मार्च १९५८

ती. शैलाआक्कास जयवंतचा ख्रिस्तात सलाम, वि. वि.

राखेच्या बुधवारी तुला मोठ्या ऐटीत कळवलं होतं, की ईस्टरपर्यंत मटणाला शिवणार नाही. पंधरा दिवस निभावलं. गुरुवारी धुळवडीला शेजारच्या भिवाकडे समितीच्या पोरांची पंगत होती. मोर्चाचे फलक मी रंगवतो, म्हणून मलाही बोलावणं. भिवाच्या आईने, गंगुबाईंनी, माझा उपवास लक्षात ठेवून काळ्या वाटाण्याची उसळ वेगळी केली होती. तसं त्यांनी सगळ्यांना सांगूनही ठेवलं होतं.

ताटं मांडल्यावर त्या पोरांतल्या रामदासने मला विचारलं, की पाद्र्याची माणसं मोर्चाला येणार की प्रार्थनेला. सगळे हसले. मला त्यांच्यातलाच एक व्हायचं होतं गं. मी म्हणालो, "असले उपवास आमच्या घरच्या बायका धरतात, मी नाही." मटण मागून घेतलं, तेही दोनदा. मग सगळे गंगुबाईंना हसले. त्या उसळीचा वाडगा घेऊन आत गेल्या. मला फार लाज वाटते आहे. आज चर्चमध्ये मागच्या बाकावर बसलो.

तुझा,
जयवंत

अहमदनगर, १४ मार्च

चि. जयवंतास अनेक आशीर्वाद.

ऐटीचा उपवास तुझा लहानपणापासूनचाच. एकदा गूळ सोडलास आणि पाचव्या दिवशी डब्यात हात घालताना सापडलास. तेव्हा हसले होते, आज हसू आलं नाही. मटणाचं देव माफ करील, त्याला माणसांची सवय आहे. पण त्या बाईला चार माणसांत खोटं पाडलंस, त्याची माफी देवाकडे मागून कशी चालेल? जिथे बोललास तिथेच जाऊन बोल. आईला पत्र वाचून दाखवताना हा मजकूर गाळला आहे. लोभ आहेच, रागासकट घे.

आक्का

लालबाग, २४ मार्च

ती. आक्कास सलाम.

आठवडाभर पाय उचलेना. काल गेलो. सगळे फलकांभोवती बसले होते. उभ्याउभ्याच सांगितलं, की उपवास माझाच होता, तुमच्या हसण्याला भिऊन मी खोटं बोललो. रामदास ब्रश धूत राहिला. कोणी हसलं नाही, कोणी समजूतही घातली नाही.

गंगुबाई चुलीपाशी तांदूळ निवडत होत्या. त्यांना म्हटलं, तुमची उसळ मी वाया घालवली. मान वर न करता त्या म्हणाल्या, "वाया खय गेली? मियाच खाल्लंय ती. त्या दिवशी मटण माझ्या घशाखाली उतरलाच नाय."

आईला या वेळी सगळं वाचून दाखव. माझ्यावरचा लोभ कमी करू नकोस.

तुझा,
जयवंत