पित्तर नावाचा क्लास

१ मार्च, शनिवार
आले एकदाची जळगावात! पिंपळनेरच्या स्टँडवर आईने असा डोळ्याला पदर लावला की जशी मी परदेशालाच निघाले. सामान म्हणजे एक बॅग, एक गादी आणि भाकरीसाठी कळण्याच्या काळ्या पिठाची पिशवी. सोमवारपासून इंजिनियरच्या ऑफिसात नकाशे काढायचं काम. खोली वरच्या मजल्यावर. खाली घरमालकीण पानबाई आणि त्यांचा मुलगा रोनक, भांड्यांचं दुकान आहे त्यांचं. अट एकच, कांदा-लसूण चालणार नाही. खानदेशी पोरीला उपाशी मारायचाच हा बेत! पण पंखा नवाकोरा आहे, म्हणून हो म्हटलं.

९ मार्च, रविवार
दुपारी रोनकने खेळायला बोलावलं. मला वाटलं, पत्ते. निघालं भलतंच. टेबलाभोवती बसायचं, प्रत्येकाने एकेक पात्र व्हायचं आणि फासे टाकत राक्षसांच्या राज्यातली मोहीम पुढे न्यायची. गोष्ट रोनक सांगतो. पात्राचा जो क्लास, म्हणजे योद्धा, जादूगार, वैद्य, तशी त्याची ताकद. रोनकचा मित्र हसीब एरवी शर्ट-पँट शिवतो, इथे योद्धा आहे. मी चोर झाले आणि पहिल्याच डावात त्याचे बूट लांबवले.

चौथ्या खुर्चीत कुणी बसत नाही. ती रोनकच्या बहिणीची, विधीची. मागच्या पावसाळ्यात तापाने गेली. तिची वैद्यीण गोष्टीत तेव्हापासून झोपलेली आहे, कारण तिला मारणं रोनकच्या जिवावर येतं. ऐकून माझंही हसू मावळलं.

१६ मार्च, रविवार
रोनकला मोहिमेत नवे क्लास हवे होते. मी म्हटलं, आपल्या मातीतले घ्या की! आठवडाभर वही घेऊन बसले आणि तीन लिहिले. वाऱ्याशी बोलणारा मेंढपाळ ठेलारी, जडीबुटीवाला भगत आणि पित्तर. तिसरा समजावून सांगावा लागला, कारण ही रीत रोनककडे नाही आणि हसीबकडेही नाही. आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गेलेल्या माणसाच्या नावाने एक जिवंत माणूस पाटावर बसवून जेवू घालतात. माझ्या वडिलांच्या नावाने शेजारचे वनाकाका बसतात. त्यांना वाढताना आई वडिलांशी बोलते.

माझा नियम असा की पित्तर गेलेल्या पात्राच्या जागी बसतो आणि त्याच्या आठवणी बोलतो. प्रत्येक आठवणीमागे स्वतःची एक गमावतो. ताकद फुकट दिली की खेळ बिघडतो, म्हणून ही किंमत. हसीब म्हणाला, नियम फार कडक आहे. रोनकने कागद घडी करून खिशात ठेवला.

२३ मार्च, रविवार
रोनकने फार विनवलं म्हणून विधीच्या खुर्चीत बसले. फासे टाकले आणि तोंडातून निघून गेलं, की लहानपणी टाकीत मी पाय घसरून पडले नव्हते, तू ढकललं होतंस, मम्मीला मी कधी सांगितलं नाही. रोनकचा चेहरा पांढरा पडला. मी हसले. अंदाजाने दगड मारला आणि लागला, असंच मला वाटलं.

संध्याकाळी आई फोनवर आमच्या मोत्या कुत्र्याचं काही सांगत होती. आमच्याकडे कुत्रा होता? मला आठवेचना. बठ्ठं इसरी गयी का माय, म्हणून आई हसली.

३० मार्च, रविवार
आज पानबाई टेबलापाशी येऊन बसल्या. त्यांनी विचारलं, तू गेलीस त्या सकाळी मी मंदिरात गेले होते, तू रागावलीस का? मी फासे टाकलेच नव्हते. तरी सांगितलं, की मुळीच नाही, नर्सने खिडकी उघडली होती, ऊन छान होतं, वाट बघता बघता झोप लागली. पानबाईंनी माझा हात गालाशी धरला आणि हमसून रडल्या. मीही रडले. अशा बाईला नाही कसं म्हणायचं?

खोलीत आल्यावर वडिलांचा चेहरा आठवेना. फोटो काढला. टोपी घातलेला कुणीतरी माणूस.

६ एप्रिल, रविवार
भीती वाटते आहे. आईला सगळं सांगितलं. ती आधी चिडली. म्हणाली, पित्तर बसवला तसा उठवायचाही असतो. जेवण झालं की हातावर पाणी घालून निरोप देतात, मगच वनाकाका पुन्हा वनाकाका होतात. आणि ज्यांनी बसवलं त्यांनीच निरोप द्यायचा, दुसऱ्याचं काम नाही.

मी बसायचा नियम लिहिला, उठायचा राहूनच गेला. रोनकला म्हटलं, निरोप द्या. तो म्हणाला, एकच रविवार आणखी, मम्मी आठ महिन्यांनी पोटभर जेवली आहे. मी कबूल झाले.

१३ एप्रिल
हसीबने खेळ सोडला. जाताना मला म्हणाला, आजच गावी निघा. स्टँडवर गेले. पाट्या वाचल्या, पारोळा, धुळे, साक्री — यातलं माझं गाव कोणतं — परत आले. पानबाईंनी दार उघडलं तेव्हा इतकं बरं वाटलं. त्याचीच भीती वाटते.

२० एप्रिल
आज खेळलो नाही. तरी बोलत होते. शाळेची सहल, कानातलं हरवलं ते — माझं नव्हे ते — माझं काय होतं?
फोनवर ‘आई’ असं नाव येतं. उचलला तर एक बाई रडते. काय बोलू तिच्याशी —

२७ एप्रिल
मम्मीने केस विंचरून दिले. खोलीत कुणाचंतरी काळं पीठ होतं, फेकलं.

३० एप्रिल, आखाजी
खाली एक बाई आली आहे. सणाला पोर आली नाही म्हणून पिंपळनेरहून आले म्हणते. दीपमाला, दीपमाला अशा हाका मारत होती. मम्मीने विचारलं, ओळखतेस का यांना? मी खरं ते सांगितलं. बाई उंबऱ्यातच बसली. तिने मम्मीचे पाय धरले, तुमची गेली, माझी तरी द्या म्हणाली. मम्मी आत गेली. पाण्याचा तांब्या भरून आली —

मी वर पळून आले. कडी लावली आहे. दोघी जिन्यात आहेत, फटीतून दिसतात. मम्मीच्या हातात तांब्या आहे, ती रडते आहे, विधी, आता जा, असं म्हणते आहे — मम्मी, नको ना. त्या दिवशी तू नव्हतीस म्हणून मी गेले. आज तूच मला —