अठरा इंचांची अट

॥ श्री ॥

शॉमबर्ग
अमेरिका
रविवार, १२ जानेवारी २००३
दुपारचे दोन वाजून दहा मिनिटं

ती. सौ. ताईस,
श्रीरंगचा सा. न. वि. वि.

आत्ता गॅरेजमध्ये हातमोजे घालून भुसा झाडत होतो. नाकात, कानात, पापण्यांवर भुसा आहे. तोंडातला थुंकून हे लिहायला बसलो.

तुझं पत्र शुक्रवारी मिळालं. फोन करत नाही म्हणून रागावू नकोस. फोन वर स्वयंपाकघरात आहे आणि शेजारीच शरयूकाकू भाजी चिरत असतात. कार्डाची मिनिटं संपेपर्यंत मला फक्त सगळं छान आहे एवढंच म्हणता येतं.

सुट्टीच्या दिवशी काय करतोस असं विचारलंस. स्पीकर करतो. एका शाळेने सभागृहातले जुने बारा इंची स्पीकर भंगारात काढले, त्यातले दोन मिळाले. खोकं करायचं नाही. नुसती फळी, फळीला भोक, भोकात स्पीकर आणि मागची बाजू उघडी. याला ओपन बॅफल म्हणतात. बॅफल म्हणजे ती फळी. खोक्यातला आवाज मला डब्यात तोंड घालून बोलल्यासारखा वाटतो, म्हणून हा खटाटोप. पण फळीचा आकार ठरवण्यातच दोन महिने गेले आणि आता त्या विषयाचा वीट आला आहे.

अडचण अशी की स्पीकर पुढे आवाज फेकतो तसा मागेही फेकतो, आणि मागचा बरोबर उलटा असतो. तो फळीच्या कडेवरून वळसा घालून पुढे आला की पुढच्याला खाऊन टाकतो. सगळ्यात आधी खर्ज जातो. फळी जितकी रुंद तितका वळसा लांब, आणि तितका खर्ज शिल्लक. एवढी साधी गोष्ट आहे, पण या घरात साधं काही चालत नाही.

त्र्यंबककाकांनी इंटरनेटवरची पानं छापून आणली आणि गोल फळीच कर असं बजावलं. गोल आकार म्हणे परिपूर्ण. मी शंका काढली, तर म्हणाले की तिसऱ्या सेमिस्टरला डिप्लोमा सोडून आलेल्याने इंजिनिअरला शिकवू नये. कापली गोल. गोलाच्या मधोमध स्पीकर बसवला की प्रत्येक कड सारख्याच अंतरावर येते, त्यामुळे मागचा आवाज सगळीकडून एकदम येऊन एकाच पट्टीवर तुटून पडतो. तबला लावला तर कुणी ओल्या गादीवर काठी मारतंय असं वाटलं. काकांनी डोळे मिटून ऐकलं आणि काय क्लॅरिटी आहे असं जाहीर केलं.

काकूंना कोयरीचा आकार हवा होता, वर सोनेरी रंग. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला येणाऱ्या बायकांना दाखवायला. तीही कापली. त्यांच्या यशने ती पाहून इंग्रजीत विचारलं की हे बदक आहे का. या घरात खरं बोलणारा तो एकटाच.

शेवटी काकांनी अट घातली. आकार कुठलाही कर, पण फळी अठरा इंचांहून रुंद नको. तळघरातून वॉशिंग मशीनकडे जायची वाट अडायला नको. अठरा इंचांत खर्ज राहत नाही. नाक दाबून बोलणाऱ्या माणसासारखा आवाज येतो. मी रोज लाकडाच्या दुकानात नोकरीला जाऊन लोकांना हवी तेवढी रुंद लाकडं कापून देतो आणि घरी येऊन हे ऐकतो.

या तळघराचीच किळस आली आहे. आमची बाजू आणि काकांच्या होम थिएटरची बाजू यांच्यामध्ये दोरीवर एक चादर. मशीन आमच्या बाजूला, त्यामुळे दिवसभर कुणी ना कुणी टोपली घेऊन येतं. ड्रायरमधल्या सुगंधी कागदाचा वास माझ्या भाताला येतो. सुट्टीच्या दिवशी काकांचे मित्र सकाळपासून चादरीपलीकडे येऊन बसतात, पुढच्या महिन्यात वर्ल्ड कप आहे म्हणजे रोजच बसतील. आई साडी काखेत धरून वर यशच्या बाथरूममध्ये बदलायला जाते आणि तो बाहेर येईपर्यंत जिन्यात उभी राहते. गालिचा खालून ओला आहे. परवा त्यावर ठेवलेली माझी चांगली फळी फुगली, आठवड्याचं काम फुकट गेलं.

बाबा बरे आहेत. औषधांच्या दुकानात माल लावायला जातात. फळीचा आकार काय असावा ते कळव, निदान तू कोयरी म्हणणार नाहीस. दाजींना नमस्कार. माझी चिडचिड वजा करून जो उरेल तो लोभ राहू दे.

तुझा
श्रीरंग


कराड
२७ जानेवारी २००३

चि. श्रीरंगास,
ताईचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र तुझ्या दाजींनीही वाचलं. गोल, कोयरी, अठरा इंच, हे सगळं वाचून त्यांनी विचारलं की तुझा भाऊ अमेरिकेत स्पीकर करतोय की संक्रांतीच्या वड्या पाडतोय. मी म्हटलं, त्याने लहानपणी पतंगाचा आकार ठरवण्यात अख्खी सुट्टी घालवली होती आणि पतंग उडाला नव्हता तो नव्हताच.

आता माझं ऐक. बदक आणि ओला गालिचा यांच्यामध्ये कुठेतरी तू एक ओळ लिहिली आहेस आणि तिच्यावरून तसाच पुढे गेला आहेस. आई जिन्यात कधीपासून उभी राहते? आल्यापासून? म्हणजे दीड वर्ष?

तिची पत्रं माझ्याकडे आहेत. त्यांत बर्फ आहे, काकूंचा डिशवॉशर आहे, खिडकीतून दिसणारी खार आहे. ती पत्रं वाचून मी समजत होते की तुमच्या खोलीला दार आहे.

मी एकवीस ओलांडलं म्हणून तुमच्या अमेरिकेच्या व्हिसाच्या कागदांतून माझं नाव गळलं, याचं मला फार वाटायचं. परवा रात्रीपासून वेगळंच वाटतंय. मी तिथे असते तर पहिल्या आठवड्यात काकांच्या तोंडावर बोलले असते. तुम्ही दोघे पुरुष तिथे आहात. बाबांना बोलायला सांग. आणि लाकडी भिंत घालायला असं काय लागतं? तू दिवसभर लाकूडच कापतोस ना?

मी हे लिहिल्याचं आईला सांगू नकोस, ती मला खारीबद्दलही लिहायची नाही. राग आला तर चार दिवस येऊ दे, पाचव्या दिवशी मात्र उत्तर लिही.

तुझी
ताई


शॉमबर्ग
रविवार, ९ फेब्रुवारी २००३
सकाळचे अकरा

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

राग चारच दिवस टिकला. मग माझंच पत्र मनात पुन्हा वाचलं. ती ओळ मी लिहिली आणि लगेच फुगलेल्या फळीवर गेलो. स्वतःचीच शिसारी आली.

बाबांना विचारलं. ते म्हणाले की घर धाकट्या भावाचं आहे, त्याने आपल्याला आणलं, अजून काय मागायचं. मग मीच काकांकडे गेलो. भिंत घालायची तर नगरपालिकेची परवानगी लागते, इन्स्पेक्टर येतो आणि घर विकताना किंमत पडते, असं त्यांनी समजावलं. शिवाय सगळी आपलीच तर माणसं आहेत म्हणाले. त्या वेळी आपली माणसं चादरीपलीकडे चिप्स खात होती, त्यांतल्या अर्ध्यांची नावंही आईला माहीत नाहीत.

मी गॅरेजमध्ये गेलो आणि जमवलेल्या सगळ्या आकारांवर करवत चालवली. गोल, कोयरी, सगळे. सर्वांत चांगली फळी कोणती हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. इकडच्या भिंतीपासून तिकडच्या भिंतीपर्यंत जाणारी. भिंत हाच सर्वांत चांगला बॅफल. मागच्या आवाजाला वळसा घालायला वाटच राहत नाही.

म्हणून असं ठरवलं आहे. अठरा इंचांची एक फळी, अशा तीन फळ्या बिजागऱ्यांनी जोडायच्या, सहा फूट उंच. एका स्पीकरला साडेचार फूट, दोन मिळून नऊ. चादरीची दोरी तेवढीच आहे. स्पीकर मधल्या फळीत न बसवता कडेच्या फळीत, म्हणजे प्रत्येक कड वेगळ्या अंतरावर पडते आणि गोलासारखा घोटाळा होत नाही. मशीनकडे जायला एक फळी दारासारखी वळवता येते. एकही फळी अठरा इंचांहून रुंद नाही. काकांची अट मी तंतोतंत पाळतो आहे.

दुकानात कोपरे तुटलेलं प्लायवूड कमी भावात देतात, ते उचललं. आईला काही बोललो नाही. जमेल की नाही याची धास्ती आहे. माझ्या धास्तीसकट मला सांभाळून घेत जा.

तुझा
श्रीरंग


कराड
२० फेब्रुवारी २००३

चि. श्रीरंगास आशीर्वाद.

कर. बिजागऱ्या पितळी घे. लोखंडी कुरकुरतात, आणि जरा आवाज झाला की आई आहे तिथे थबकते. खालून फट ठेवू नकोस.

ताई


शॉमबर्ग
रविवार, ९ मार्च २००३
दुपारचे साडेतीन

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

मागच्या शनिवारी तीन-तीन फळ्यांचे दोन्ही लाकडी पडदे उभे केले. बिजागऱ्या पितळी आहेत, फट नाही. चादर काढली, धुतली आणि तिच्यातून आईने दोन उशांचे अभ्रे शिवले. पहिल्यांदा तिचीच नाट्यगीतांची कॅसेट लावली. ताई, तंबोरा पायांना जाणवला. मागची बाजूही तितकीच वाजते, कारण मागे खोकं नाही. आई पलीकडे कपड्यांच्या घड्या घालत होती, तिने तिकडूनच आवाज कमी करू नकोस असं सांगितलं.

सुख दुसऱ्या दिवसापर्यंतच टिकलं. रविवारी काकांची मंडळी जमली. त्यांतले कुमार म्हणून एक आहेत, त्यांनी मॅचच्या मध्यंतरात कॅसेट ऐकली आणि असा आवाज आपण पैसे टाकूनही ऐकला नाही म्हणाले. झालं. काकांनी ही कल्पना मुळात त्यांचीच असल्याचं सांगितलं, अठरा इंच हा आकडा सखोल विचार करून काढल्याचंही सांगितलं, आणि मग म्हणाले की एवढी सुंदर वस्तू तळघरात कशाला, वर दिवाणखान्यात नेऊ. आत्ताच नेऊ, इतके हात आहेत.

मी काय केलं सांगू? मी आवाजाबद्दल बोलत बसलो. वर मागे काचेची खिडकी आहे, आवाज फुटेल, खर्ज जाईल. काका म्हणाले खिडकीला पडदे लावू. मी म्हटलं जमीन लाकडी आहे. ते म्हणाले गालिचा घालू. खरं कारण माझ्या तोंडातून निघेना. आणि बाबांनी तोवर एका लाकडी पडद्याचं टोक उचललंही होतं. लिहू नये, पण मला त्या क्षणी बाबांची किळस आली, आणि त्याहून जास्त माझी.

तेवढ्यात आई फळी वळवून बाहेर आली. हातात पोह्यांच्या बश्या होत्या, त्या तिने खाली ठेवल्या. काकांना भावजी म्हणून हाक मारली आणि सांगितलं की हे इथेच राहील. ती याच्यामागे साडी बदलते. दीड वर्ष जिन्यात उभं राहून झालं, आता होणार नाही. हे तिने सात-आठ पुरुषांसमोर सांगितलं. आवाज चढवला नाही, खाली मान घातली नाही, आणि सांगून झाल्यावर कोणाला पोह्यांवर लिंबू हवं ते विचारलं.

समोर टीव्हीवर मॅच पुन्हा सुरू झाली होती, विकेट पडली आणि कुणी पाहिलंही नाही. कुमार कधीचे त्या फळ्यांकडे बघत होते, ते एकदम दुसरीकडे बघायला लागले. काका म्हणाले की त्यांनी आपलं सहज सुचवलं होतं. बाबांनी टोक हळूच खाली ठेवलं, ते थोडं तिरकं पडलं होतं, ते दोन्ही हातांनी सरळ केलं. मग ते आईजवळ जाऊन उभे राहिले.

काकू तीन दिवस आमच्याशी बोलल्या नाहीत. चार पांघरुणं साठली तरी धुवायला आल्या नाहीत. गुरुवारी सकाळी जिन्याच्या वरच्या पायरीवर टोपली घेऊन थांबल्या आणि वरूनच विचारलं की वहिनी, खाली येऊ का. या घरात असं कुणी विचारल्याचं मी पहिल्यांदाच ऐकलं.

आईने त्यांना जरा थांबायला सांगितलं.

ताई, तिची साडी नेसून, वेणी घालून केव्हाच झाली होती. मी समोर बसून चहा पीत होतो. मी उठायला लागलो तर तिने मला हाताने खाली बसवलं. स्वतः पलंगावर बसली, पदर सारखा केला, आणि नुसती बसून राहिली. वर टोपली एका हातातून दुसऱ्या हातात गेल्याचं ऐकू आलं. माझा चहा संपला. मग आई म्हणाली, या.

बाबांचा आणि आईचा तुला आशीर्वाद. दाजींना नमस्कार. लोभ आहेच, तो असाच पाठवत राहा.

तुझा
श्रीरंग