ओटीवरच्या दोन खुर्च्या

आश्विन शु. ११, शके १८१०. ठाणे.
तिकडचे पत्र आले. पूर्वी सगळ्या बायकांसारखी मीही नवऱ्याचे नाव न घेता ‘इकडून’ म्हणे. तीन वर्षांमागे एडनच्या तारऑफिसात नेमणूक झाली, स्वारी समुद्रापलीकडे गेली, तेव्हापासून लिहिताना ‘तिकडून’ असेच येते. रजा मंजूर झाली आहे. मार्गशीर्षात येणे होईल. चारदा वाचले. सासूबाईंना वाचून दाखवले तर त्यांनी डोळ्यांना पदर लावला, आणि लगेच म्हणाल्या, “खाली आणखी काय लिहिलंय? तू थांबलीस का?”

खाली हुकूम. ओटीवरचा झोपाळा काढावा. त्या जागी एक मेज व दोन खुर्च्या करवाव्या. भिंतीला हिरवा तेलरंग द्यावा. शेणाची जमीन जमल्यास बदलावी.

“मेज कशाला? कचेरी थाटायची आहे का घरात?”

मला तरी काय ठाऊक.

आश्विन शु. १३.
झोपाळ्याचेच डोक्यात. तेराव्या वर्षी या घरात आले. दुपारी सा. (सासूबाई. रोज एवढे लांब लिहवत नाही) पडल्या की तिकडून मला झोपाळ्यावर बसवून मांडीवर पाटी दिली जाई. कड्या करकरत ठेवायच्या, म्हणजे आत कुजबूज ऐकू जात नाही. ‘ग’ काढता येईना तेव्हा हात धरून काढवला. जाताना वही दिली: “रोज चार ओळी लिहीत जा. चुकल्या तरी चालतील.”

त्याच माणसाने आता लिहावे, झोपाळा काढा? विसरले असतील का? तीन वर्षे म्हणजे काही…

आश्विन व. २.
नुसते कुढून काय होते. दोन्ही बाजू मांडून बघते.

मेज-खुर्च्यांचे बरे: येणाऱ्या-जाणाऱ्यांत मान. पत्र लिहायला सोय. तिकडे तीन वर्षे खुर्चीवर बसून मांडी घालायची सवय मोडली असेल, पाय दुखतील. सांगणारे माणूस घरधनी आहे.

वाईट: ओटी अडेल. सत्यनारायणाला पन्नास माणसे बसतात, ती कुठे बसवायची? बायकांनी उभे राहावे की खाली बसावे? सा. समोर असताना खुर्चीवर बसणार कोण? आणि झोपाळा.

तेलरंगाचे बरे काहीच सुचत नाही. हिरवी भिंत म्हणजे शेवाळलेली विहीर. नीळ घातलेला चुना काय वाईट?

आश्विन व. ५.
विनायकराव येऊन गेले. तिकडचे शाळासोबती, ठाण्याच्याच कचेरीत आहेत, आमची टपाले तेच आणून देतात. म्हणाले, तळ्यापलीकडच्या बंगल्यातला साहेब विलायतेला निघाला, सामानाचा लिलाव आहे. तयार खुर्च्या मिळतील, वेताच्या.

सा. आतूनच म्हणाल्या, “ज्यावर बसून गाय खाल्ली, ते माझ्या ओटीवर नको. करायच्याच तर आपल्या सुताराकडून करा.”

म्हणजे ‘करायच्याच तर’ इथपर्यंत आल्या. मला वाटले होते, नाहीच म्हणतील. आपला मुलगा यायचा म्हटल्यावर त्याही कुठे कुठे वाकतात, मी पाहते आहे.

आश्विन व. ९.
पत्रासोबत तसबीर आली. एडनच्या फोटोवाल्याकडे काढलेली. सा.नी उजेडात नेऊन पाहिली. “वाळलाय,” एवढेच. मग, “जिवंत माणसाला भिंतीवर टांगू नये. आत ठेव.”

पेटीत ठेवली, तिसऱ्यांदा काढली. पागोटे नाही. काळा कोट, मिशीला पीळ, एक पाय दुसऱ्यावर. नाक तेच. पण ज्या माणसाला मी रोज आठवते ते हे नव्हे. डोळे मिटले की जुने दिसतात, उघडले की हे. कोणाची वाट पाहायची?

कार्तिक शु. ३. कल्याण.
भाऊबीजेला काल माहेरी आले. दादाला ओवाळले. दुपारी तांदूळ निवडत बसलो असता आईला सगळे सांगितले. आई म्हणाली, “बाई गं, नवऱ्याला मेज हवं तर मेज दे. लाकूडच ते. सवत तर आणत नाही ना घरात?”

“आणि सासूबाई?”

“त्यांना झोपाळा दे.”

“जागा एकच आहे.”

आई हसली. तिचे सगळे सोपे असते.

दादा राघो सुताराला घेऊन आला. कल्याणच्या वखारीतला चांगला साग त्याच्याकडे आहे. ओटीचे माप मी वितींत आणले होते, म्हणून त्याने दोरीने माझ्या हाताची वीत मोजली आणि विचारले, “ताईबाय, मेज लिवाया का जेवाया?”

“त्याने काय होतं?”

“उंची येगळी नि काय. जेवाया रुंद लागतं, दोघांची ताटं मावाया व्हवीत.”

माझ्या मनात हे आलेच नव्हते. “लिहायला,” म्हटले. पण तो गेल्यावर विचार करीत बसले. खुर्च्या दोनच का? ओटीवर येणाऱ्यांसाठी हव्या तर चार सांगितल्या असत्या.

कार्तिक शु. ५. ठाणे.
परत आले. येताना डोंबिवलीच्या बाजूला भातकापणी चालली होती. बायका पुरुष एकाच बांधावर बसून भाकर खात होते. पूर्वी हजारदा पाहिले असेल, कधी लक्षात आले नाही.

आजच्या टपालाने मी तिकडे विचारले आहे: “खुर्च्या दोनच का, ते कळावे.” राघोलाही निरोप धाडला, मेज जरा रुंद धर. रुंद मेजावरही लिहिता येतेच.

कार्तिक शु. १२.
आज वाईट दिवस. उपाध्येभटजी तुळशीच्या लग्नाचे ठरवायला आले होते. जाता जाता सा.ना म्हणाले, “चिरंजीव येताहेत, आनंद आहे. समुद्र ओलांडलाय, तेव्हा प्रायश्चित्त आधी. मिशी उतरवायची, पंचगव्य घ्यायचं. त्याशिवाय पंगतीला घेता येणार नाही. पौषात यजमानांचं श्राद्ध आहे, ध्यानात असू द्या.”

यजमान म्हणजे माझे सासरे. सा. भिंतीला धरून खाली बसल्या. भटजींनी पाठ फिरवली तर त्यांच्या नवऱ्याच्या पिंडाला कोण उभे राहणार?

विनायकरावांना विचारले. मान खाली घालून म्हणाले, “वहिनी, स्टेशनावर आणायला मी जाईन. घरातलं पाणी मात्र त्याने प्रायश्चित्त घेईपर्यंत घेणार नाही. मला दोन मुली उजवायच्या आहेत.” खोटे बोलले नाहीत, हे बरे.

कार्तिक व. ९.
उत्तर आले. भटजींचे मी कळवले नव्हते, तरी तिकडे ते आधीच ठाऊक. इथे उतरून ठेवते, कागद फाटला तर राहील.

“प्रायश्चित्त घेणार नाही. पाप केले असे मनाला वाटत नाही, मग कशाचे प्रायश्चित्त? स्वयंपाकघरात शिरून आईचे सोवळे मोडणार नाही, पंगतीतही बसणार नाही. ओटीवर मेजाशी जेवेन, म्हणून मेज. दुसरी खुर्ची तुझी. इथे तीन वर्षे एकटा जेवतो. घरी होतो तेव्हाही खरे म्हणजे एकटाच जेवत होतो, तू वाढत होतीस. तू जेवताना कशी दिसतेस हे मला माहीत नाही. झोपाळ्यावर आपण शेजारी बसत असू, समोरासमोर नाही. मला समोर हवी आहेस.”

चुलीवरचे दूध उतू गेले, ते पुसत बसले.

विसरले नाहीत तर. झोपाळा आठवतो आहे, म्हणूनच काढायला सांगताहेत.

कार्तिक व. १०.
बाजू पुन्हा मांडते.

बरे: समोर बसणे.

वाईट: नवऱ्याबरोबर ताटाला ताट लावून जेवली म्हणून आळी बोलेल. हळदीकुंकवाला कोणी बोलावणार नाही. आईच्या दारीही दादाच्या पोरींची लग्ने अडतील का? श्राद्ध. सा.

बरेच्या बाजूला एकच ओळ आहे. तरी ती हलकी वाटत नाही.

मार्गशीर्ष शु. २.
राघो गाडीत घालून मेज-खुर्च्या घेऊन आला. साग सुरेख, पाठीला छोटी कमळे कोरलीत, न सांगता. खुर्चीवर राघोच बसून दाखवायला गेला तर चारही पाय सारवलेल्या जमिनीत टोचून खळगे पडले. सा. कधी नव्हे त्या खदखदून हसल्या. “बघा! जमिनीलाच मान्य नाही.” मग राघोने पायांखाली फळ्या ठोकल्या. फरशीचे आता राहूच दे. सारवण गार असते, पायांना ओळखीचे असते, आणि घरात शिरले की त्याचा वास येतो. घरी आल्यावर तिकडेही येऊ दे. तेलरंगही मी केलेला नाही. निळा चुना दिला. मागाहून रागावणे झाले तर झाले.

झोपाळा राघोनेच सोडवला. सा. आत निघून गेल्या. कड्या तुळईतून निघताना जो आवाज झाला तो आतही गेला असणार. मी म्हटले, “राघो, मागच्या पडवीत बसेल का?” त्याने वासे ठोकून पाहिले. बसला. ओटीवरच्यापेक्षा एक हात आखूड झोका, पण परसातला सोनटक्का समोर दिसतो. सा. संध्याकाळी गुपचूप जाऊन बसल्या. आईचे सोपे उत्तर खरे ठरले म्हणायचे.

मार्गशीर्ष शु. ५.
सा. मेजाभोवती फिरल्या. बोट टेकवून विचारले, “लिहायला एवढं रुंद?”

खोटे बोलवेना. पत्र सगळे वाचून दाखवले. ‘दुसरी खुर्ची तुझी’ हेही गाळले नाही.

मग म्हणाल्या, “या मेजावर खरकटं सांडलं तर शेणगोळा कसा फिरवायचा, सांग.” मी म्हटले, “ओल्या फडक्याने पुसेन.” त्यांना हसू येईल वाटले. आले नाही.

“तुला बसायचंय?”

मान हलली की नाही मला कळले नाही. त्यांना कळली.

मार्गशीर्ष शु. ८.
सा. बोलत नाहीत. स्वयंपाकात मीठ जास्त पडले, त्याबद्दलही बोलल्या नाहीत. त्यांचे चुकते असे मला म्हणवत नाही. विधवा बाई, जगात एवढे एक श्राद्ध नवऱ्यासाठी करायचे राहिले आहे. त्या बाजूला बसून पाहिले तर त्या खरोखर बरोबर दिसतात. इकडे येऊन बसले की मी.

आज एकटीच खुर्चीत बसून पाहिले. पाय जमिनीला पुरते टेकत नाहीत. समोरची खुर्ची रिकामी.

मार्गशीर्ष शु. १४.
मुंबईहून तार. बोट लागली. उद्या दुपारी ठाण्यास.

सा. तार हातात धरून बसल्या. वाचता येत नाही, तरी सोडीनात. एकाएकी म्हणाल्या, “मी नऊ वर्षांची होते, लग्न झालं तेव्हा. पस्तीस वर्षं वाढलं. यांना काय आवडतं ते ताटात काय उरलं त्यावरून कळायचं. तोंडाने कधी बोलले नाहीत. जेवताना यांचा चेहरा मी वर मान करून पाहिला नाही.”

मी भाजी चिरीत होते. विळी तशीच थांबली.

“मी पाहायला हवा होता असं नाही म्हणत,” त्या म्हणाल्या. “नुसतं सांगितलं.”

मार्गशीर्ष पौर्णिमा.
स्वयंपाक झाला. वालाचे बिरडे, भात, आळूचे फतफते, घावन. विनायकराव बैलांची दमणी घेऊन स्टेशनावर गेलेत. लिहायला बसले, कारण हात रिकामे राहवत नाहीत.

घटकाभरापूर्वी विचारले, “पानं कुठे मांडू?”

सा. धूतवस्त्र घडी करीत होत्या. “मला विचारू नकोस.”

“आपण सांगाल तिथे मांडते.”

“म्हणूनच विचारू नकोस. मी सांगितलं की माझ्या अंगावर, नाही सांगितलं तरी माझ्याच.” घडी ठेवली. “दारात त्याला डोळे भरून बघते. भाकरतुकडा तू ओवाळून टाक. मग मी कोपरीस भागीरथीकाकूंकडे जाते. जेवणं आटोपली की विनायककडून निरोप धाड. भटजी विचारतील, पान कुठे होतं. मी पाहिलेलं नसलं म्हणजे खोटं बोलायला नको.”

पायाच पडायचे होते, पण त्यांनी वळून पाहिले नाही.

आता मनाई करणारे घरात कोणी नाही. वाटले होते, मनाई गेली की सोपे होईल. केळीची दोन पाने पुसून चुलीशी ठेवली आहेत. पाटही घासले आहेत. संध्याकाळी त्या परत येतील तेव्हा त्यांच्या तोंडाकडे कशी पाहू? आणि न बसले तर त्यांच्या तोंडाकडे कशी पाहू, तीन वर्षांनी येणाऱ्यांच्या?

लहानपणापासून कोणा पुरुषासमोर घास तोंडात घातलेला नाही. तीन वर्षे झुरले ते समोर असावे म्हणून. समोर बसल्यावर घास कसा उचलायचा, डोळे कुठे ठेवायचे, आधी कोणी सुरू करायचे, हे कोणी शिकवलेले नाही. आईलाही विचारता येणार नाही. तिलाही ठाऊक नसेल.

सा. दारातून हाक मारताहेत, “गोदे, तांब्या घे, तांब्या! वळणावर गाडी दिसतेय.”